सापाच्या इंजेक्शनची टेस्ट अन् दिल्लीची कमिटी

जुना एमओ (सरकारी मेडिकल ऑफिसर), यवतमाळकडचा: दिल्लीच्या कमिटीच्या सर्पदंशाच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचना म्हणतात, एएसव्ही म्हणजे सापाच्या विषावरचं इंजेक्शन देण्याआधी चामडीत टेस्ट डोस देऊ नका. आमचा जन्म गेला टेस्ट देण्यात. कमिटीत पीएचसीतला (प्राथमिक आरोग्य केंद्रातला) एक तरी डॉक्टर होता का? एसीत बसून प्रोफेसर ठरवणार, अन् पीएचसीत रिॲक्शन आली की नातेवाइकांचा मार आम्ही खायचा. चांगलंय.

वर्धेकर: साहेब, हे वाचून राहवलं नाही. कमिटी आधी प्रश्न पक्का करते: कोणता रुग्ण, कोणता उपाय, कशाच्या तुलनेत, फरक कशात मोजायचा. मग सगळे अभ्यास शोधायचे, सोयीचे तेवढेच नाही. पुरावा किती भरवशाचा ते ठरवणाऱ्या ग्रेड पद्धतीत पुराव्याच्या चार पायऱ्या आहेत, उच्च ते अतिशय कमी. शिफारस ठाम की सशर्त, हे वेगळं ठरतं. औषध कंपनीशी लागेबांधे असले तर आधी सांगावे लागतात. एएसव्हीच्या बहुतेक रिॲक्शन जुन्या ॲलर्जीतून येत नाहीत. म्हणून टेस्ट कोरी गेली तरी रिॲक्शन येऊ शकते, वेळ जातो तो वेगळा. श्रीलंकेत हजारावर रुग्णांवर चाचणी झाली, २०११ साली छापून आली. आधी थोडं ॲड्रेनलिन दिलं तर गंभीर रिॲक्शन घटल्या. तुमच्या लाडक्या हायड्रोकॉर्टिसोन या स्टेरॉइडचा उपयोग दिसला नाही.

जुना एमओ: श्रीलंका! आमच्या यवतमाळातलं आर्णी नाही, दिग्रस नाही. गावातला पुरावा कमिट्या मोजतच नाहीत. आपली एएसव्ही बनते मुख्यतः तामिळनाडूत साप पकडणाऱ्या इरुळा आदिवासींनी काढलेल्या विषावर. तिकडच्या परडीचं, म्हणजे घोणसाचं, विष अन् आमच्या परडीचं सारखं आहे का?

वर्धेकर: नाही. हा मुद्दा खरा आहे. पण टेस्ट डोसशी त्याचा काय संबंध?

कापूसकोंड्या: विष-गिष राहू द्या. पीएचसीत एएसव्हीची व्हायल, म्हंजे बाटली, राह्यते का, ते बोला. आमच्या काकाले पऱ्हाटीत चावला. काचेच्या नळीत रक्त घेऊन ते गोठते का हे वीस मिनिटं पाहाची टेस्ट त्याईनं केलीच नाही. चिठ्ठी हातात देल्ली, 'जिल्ह्याले न्या.' काहून?

बॉन्डवाली (पीएचसीत सरकारी बॉन्डची सेवा करणारी डॉक्टर): दादा, रेफर करायचा कोणाला शौक नसतो. मण्यार चावली, श्वास थांबला तर माझ्याकडे व्हेंटिलेटर नाही. रात्री मी आणि एक सिस्टर. वर तुमची गर्दी दारात उभी.

कापूसकोंड्या: मंग विष चढलेलं दिसते तं पह्यला डोस देऊन पाठवा ना! तुमच्याच पुस्तकात तसं लिहून हाये. का पुस्तक कपाटात ठेवाले देल्लं सरकारनं?

बॉन्डवाली: तोंड सांभाळून बोला. साठा संपतो तेव्हा वर मागणी मीच करते, उत्तरं तुम्हाला द्यावी लागत नाहीत.

कापूसकोंड्या: उत्तर नाही, व्हायल पाह्यजे. काका तीन हप्ते भरती होता, पेरणी पडीत गेली.

वर्धेकर: अहो, विषय कमिटीचा होता! आणि गावातला पुरावा कमिट्या मोजत नाहीत, हेही चूक. गडचिरोलीच्या ३९ गावांत गावातल्याच बायांनी नवजात बाळांना घरी जाऊन सांभाळलं, बालमृत्यू घटले. १९९९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलं, २०११ पासून देशभर आशा ताई बाळंतिणीच्या घरी जातात. ते काय दिल्लीत शिजलं?

जुना एमओ: गडचिरोलीचं नाव घेतलं की आम्ही गप्प, हे तुम्हाला ठाऊक आहे. ठीक, टेस्ट देत नाही. ॲड्रेनलिन भरून ठेवतो, महाराज. पण सापाच्या कमिटीत पीएचसीतला एक तरी डॉक्टर बसवला होता का, याचं उत्तर तुम्ही शिताफीनं टाळलं.

कापूसकोंड्या: अन् व्हायलचं?