गिटार येत असेल तर बॅरिटोन युकुलेले घ्या, नाहीतर थांबा

कॉन्सर्ट युकुलेले (गिटारसारखं चार तारांचं छोटं वाद्य) आहे, आता बॅरिटोन, म्हणजे त्याचाच मोठा, खर्जातला प्रकार, घ्यावा का, असं विचारलंत. आधी सांगा, गिटार येते का? बॅरिटोनच्या तारा डी-जी-बी-ई, म्हणजे गिटारच्या पातळ बाजूच्या चार. गिटारवाल्याची बोटं आपोआप पडतात. तुम्ही मात्र सवयीने सी कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) धरली की वाजणार जी! पाचव्या पडद्यावर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावला की कॉर्डची जुनी नावं परत जुळतात, पण सूर वर चढतो; मग खर्जासाठी पैसे कशाला मोजायचे?

मी लातूरला बॅरिटोन घेतलं, कारण माझा आवाज ढाला, म्हणजे खालच्या पट्टीतला. भजनाला साथ छान बसते. फक्त सॉलिड, म्हणजे अखंड लाकडाच्या फळीचं घेऊ नका बुवा. मे महिन्यात भिंतीला टांगलेल्या माझ्या पहिल्या, तशाच वाद्याची फळी ब्रिजपासून (तारा अडकवतात त्या पट्टीपासून) बोटभर उकलली. लॅमिनेट, म्हणजे लाकडाचे पातळ थर चिकटवलेलं, बरं.