बाजारात कधीच न आलेले स्टेरॉइड चाचणीत सापडते का?

प्रश्न (एका मल्लाचा मामा, सोलापूर):
नमस्कार. माझा भाचा सोलापुरात तालमीत सराव करतो. त्याला कोणीतरी ‘नॉरबोलेथोन’ (स्नायू वाढवणारे स्टेरॉइड) म्हणून गोळ्या दिल्या असून, हे औषध विक्रीला आलेच नसल्यामुळे खेळाडूंची उत्तेजक चाचणी करणाऱ्या प्रयोगशाळेला ते ओळखता येत नाही, असे सांगितले आहे. यात तथ्य आहे का?

उत्तर (औषधनिर्माणशास्त्राचे अध्यापक):
औषध विक्रीला आले नाही हे खरे, निष्कर्ष मात्र चुकीचा आहे. अमेरिकेतील वाइथ कंपनीचे हे संयुग १९६० च्या दशकात उंची व वजन कमी असलेल्या रुग्णांना देऊन पाहिले गेले, पण दुकानात पोहोचले नाही. पुढे २००२ मध्ये लॉस एंजेलिसमधील उत्तेजक चाचणीचे तज्ज्ञ डॉन कॅटलिन यांच्या प्रयोगशाळेने एका खेळाडूच्या लघवीत ते ओळखले. त्या नमुन्यांत शरीर स्वतः बनवते ती स्टेरॉइडे (टेस्टोस्टेरॉनसारखी संप्रेरके) विलक्षण कमी होती, ही बाब मला सर्वांत बोलकी वाटते. कारण बाहेरून संप्रेरक मिळू लागले की शरीर आपली निर्मिती आवरते आणि औषधाचे नाव लपले तरी ही खूण मागे राहते. शिवाय खेळात बंदी असलेल्या द्रव्यांच्या यादीत नाव नसले तरी तशीच रचना किंवा तसाच परिणाम असलेली द्रव्येही निषिद्ध असतात, आणि जपून ठेवलेले नमुने दहा वर्षांपर्यंत पुन्हा तपासता येतात.

अपायाचे म्हणाल, तर या रेणूच्या सतराव्या कार्बनला जोडलेल्या इथाइल गटामुळे (दोन कार्बनांच्या छोट्या अणुसमूहामुळे) तो यकृतात सहज मोडत नाही. म्हणूनच तो गोळीतून घेता येतो, पण अशा रचनेच्या स्टेरॉइडांमुळे पित्त तुंबून कावीळ होऊ शकते.

उत्तर (एक निवृत्त वस्ताद, करमाळा तालुका):
जे औषध कोणतीही कंपनी विकत नाही, त्या नावाच्या गोळीत नेमके काय भरले आहे, हे देणाऱ्यालाही सांगता येणार नाही. मामा, आपण भाच्यावर रागावू नका, नाहीतर तो लपवील. दूध, बदाम, तूप आणि पुरेशी झोप यांवर अंग भरायला वेळ लागतो, हे त्याला त्याच्या वस्तादांनी समजावले पाहिजे.

मामा:
आपले आभार. त्याने गोळ्या तीन दिवस घेतल्याचे आताच कबूल केले.

अध्यापक:
त्या लगेच बंद करा. उरलेल्या गोळ्या फेकू नका, पाकिटासह डॉक्टरांना दाखवा आणि यकृताची रक्ततपासणी करून घ्या. डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली किंवा अंगाला खाज सुटली, तर तातडीने रुग्णालयात न्या.

मामा:
आज संध्याकाळीच त्याला घेऊन जातो.