कॅनडातलं मॅगझिन: पाचच गोळ्या भरल्या म्हणजे झालं का?
कॅनडात तीस गोळ्या मावणारं मॅगझिन (बंदुकीत गोळ्या पुरवणारी पेटी) घेऊन पाचच गोळ्या भरल्या की भागतं, असं काहींना वाटतं. अजिबात नाही! सेंटरफायर (काडतुसाच्या बुडाच्या मधोमध ठिणगी पडणाऱ्या) सेमी-ऑटो (दर चापाला एक गोळी सुटून पुढची आपोआप भरणाऱ्या) रायफलच्या मॅगझिनमध्ये 5 पेक्षा जास्त मावत असतील, तर ते रिकामं असलं तरी प्रतिबंधितच. क्षमता पाचवर आणायला आत सुटा ठोकळा टाकून चालत नाही, अडसर कायमचा बसवावा लागतो. स्टील-ॲल्युमिनियमच्या मॅगझिनमध्ये अडसर वेल्ड करतात, प्लास्टिकच्यात रिव्हेट किंवा कायमचा चिकटणारा गोंद. जुनं विकत घेताना रिव्हेट हलतंय का बघा, डमी (न उडणारी, नकली) काडतुसं भरून मोजा. सहावं दाबून बसलं तरी ते घेऊ नका. आणि मर्यादा ठरते ती मॅगझिन कुठल्या बंदुकीसाठी बनलंय त्यावरून. पिस्तुलासाठी बनलेलं 10 चं मॅगझिन रायफलला लावलं तरी कायदेशीरच.