फॅटी लिव्हर दिसलं की दर सहा महिन्यांनी कॅन्सरसाठी सोनोग्राफी? माझं मत : सरसकट नको

गाळणी

हेल्थ चेकअपच्या पॅकेजात सोनोग्राफी शिरली आणि ‘ग्रेड १ फॅटी लिव्हर’ हे शब्द घरोघरी पोचले. आता त्याच्या मागून नवा सल्ला फिरतोय : फॅटी लिव्हरमधून यकृताचा कॅन्सर होतो, म्हणून चरबी दिसलेल्या प्रत्येकाने दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी आणि एएफपी ही रक्ततपासणी करावी. यातलं पहिलं विधान खरं आहे. दुसरं त्यातून निघत नाही.

अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या नोंदींवर २०१८ साली एक मोठा अभ्यास आला. फॅटी लिव्हरचे सुमारे ३ लाख रुग्ण. त्यांच्यात यकृताचा कॅन्सर वर्षाला हजारी ०.२१. त्यांच्यातच ज्यांना सिरोसिस (वणांनी यकृत कडक, गाठाळ होणं) होता, त्यांच्यात हजारी १०.६. पन्नास पट फरक! हिशेब मांडून बघा. सरसकट १,००० जणांची पाच वर्षं सहामाही तपासणी केली तर १०,००० सोनोग्राफ्या होतात आणि कॅन्सर निघतो एक. सिरोसिसवाल्या १,००० जणांच्या एका वर्षातल्या २,००० सोनोग्राफ्यांत दहा निघतात.

म्हणजे प्रश्न चरबी किती हा नाहीच, यकृतात वण किती हा आहे. त्यासाठी पहिली चाळणी जवळजवळ फुकट आहे, फिब-४, म्हणजे साध्या रक्ततपासणीतून काढायचा वणांचा अंदाज :

वय × एसजीओटी, भागिले (प्लेटलेट × एसजीपीटीचं वर्गमूळ)

एसजीओटी आणि एसजीपीटी ही रक्तात मोजली जाणारी यकृताची एन्झाइम्स. प्लेटलेट हजारांत घ्यायच्या. रिपोर्टवर १,६०,००० असेल तर सूत्रात १६०. (१.६ घालून आलेला आकडा बघून रडकुंडीला येणारे बरेच असतात.) वय ५८, एसजीओटी ४८, एसजीपीटी ४०, प्लेटलेट १६० : उत्तर २.७५. वय ४५, एसजीओटी ३८, एसजीपीटी ५२, प्लेटलेट २६० : उत्तर ०.९१. गंमत म्हणजे दुसऱ्याचा एसजीपीटी जास्त आहे, आणि घाबरायचं पहिल्याने आहे.

१.३ च्या खाली असेल तर दोन-तीन वर्षांनी पुन्हा काढा, मधुमेह असेल तर वर्ष-दोन वर्षांनी. १.३ ते २.६७ असेल तर फायब्रोस्कॅन (यकृताचा कडकपणा मोजणारी, सुई न टोचता होणारी तपासणी). त्याच्या वर असेल तर थेट यकृततज्ज्ञ. पासष्टीपुढे खालची रेघ २ धरतात, कारण सूत्रात वय आहे आणि नुसत्या वाढदिवसांनीही आकडा चढतो. पस्तिशीच्या आत तो फारसा कामाचा नाही.

तिसरा ठोका

हिशेब बरोबर, निष्कर्ष घाईचा. तुम्ही सांगितलेल्या त्याच अभ्यासात कॅन्सर झालेल्यांपैकी सुमारे एक पंचमांश लोकांना सिरोसिस असल्याचा पुरावा नव्हता. इतर ठिकाणच्या रुग्णांच्या अभ्यासांत हे प्रमाण एक तृतीयांशाच्याही पुढे गेलंय. हिपॅटायटिस सी मध्ये असं क्वचित होतं, फॅटी लिव्हरमध्ये होतं. हे लोक तुमच्या गाळणीतून खाली पडणार, आणि सापडतील तेव्हा गाठ मोठी असेल. यकृताच्या आत वेदनेच्या नसा नाहीत, दुखतं ते वरचं आवरण ताणलं गेल्यावर.

दुसरं, फिब-४ मुळात २००६ साली एचआयव्ही आणि हिपॅटायटिस सी दोन्ही असलेल्या रुग्णांसाठी बांधलं गेलं. मधुमेहींमध्ये ते कमी पडतं, आकडा १.३ च्या आत असूनही वण पुढे गेलेले असू शकतात. आणि आपल्याकडे ‘फॅटी लिव्हर’ आणि ‘शुगर’ हे शब्द एकाच फाइलमध्ये किती वेळा येतात ते सांगायला नको. साठीपुढचा पुरुष, दहा-पंधरा वर्षांचा मधुमेह, पोटाचा घेर शंभरच्या पुढे, घरात कुणाला यकृताचा कॅन्सर, याला ‘१.१ आला, घरी जा’ म्हणणार?

पावसाळी

फिब-४ बद्दल एक : डेंग्यूच्या दिवसांत काढू नका. ०.९१ वाला तोच पंचेचाळिशीचा माणूस घ्या. तापात प्लेटलेट ७०, एसजीओटी १२०, एसजीपीटी ९० झाले की उत्तर ८ च्या वर. यकृत तेच, वण तेवढेच. तापानंतर दीड-दोन महिने थांबून रक्त द्या. जिममध्ये जोरात वजनं उचलल्यावर निदान आठवडाभर एसजीओटी स्नायूंमधूनही चढलेला राहू शकतो.

हिशेबनीस

@तिसरा ठोका, तुमचा साठीपुढचा माणूस खरा आहे. पण त्याच्यासाठी सगळ्यांना रांगेत उभं केलं तर पुढे काय होतं ते बघा.

चरबीचं यकृत सोनोग्राफीत पांढुरकं दिसतं. पित्ताशयाच्या खोबणीपाशी बऱ्याचदा एक तुकडा चरबीविना राहतो, तो त्या पांढऱ्यात काळी गाठ वाटतो. निरुपद्रवी हिमॅन्जिओमा (रक्तवाहिन्यांची गाठ) एरवी पांढरा दिसतो आणि लगेच ओळखू येतो. मागचं यकृतच पांढरं असलं की तोही काळपट दिसतो. रिपोर्टवर येतं, ‘१.४ सेंमी हायपोएकोइक लिजन, कृपया ट्रायफेजिक सीटी करावा’. म्हणजे काळपट गाठ दिसली, आता डाय देऊन तीन टप्प्यांत सीटी. मग डाय, त्याआधी मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन, मधुमेही असेल तर जास्त जपून.

आणि सीटीवरही सुटका नाही. सिरोसिस असेल तर नियम ठरलेला आहे : १ सेंमी किंवा मोठी गाठ धमनीच्या टप्प्यात उजळली आणि नंतरच्या टप्प्यांत आजूबाजूच्या यकृतापेक्षा काळी पडली, की त्या चित्रावर निदान पक्कं करता येतं, सुई लागत नाही. हा नियम सिरोसिस नसलेल्या यकृताला लावायचा नसतो, कारण तिथे तसं चित्र दाखवणाऱ्या इतर गाठीही असतात. म्हणजे तुमच्या यादीतल्या माणसाला बायोप्सी, सुईने तुकडा काढणं. रक्तस्रावाची जोखीम लहान असते, शून्य नसते. दहा हजारांत एक कॅन्सर शोधताना अशा किती सुया टोचणार?

अंधारखोली

दोघांच्याही भांडणात यंत्र बाजूला राहिलं.

चरबी ध्वनिलहरी खाते. ग्रेड ३ मध्ये उजव्या भागाचा मागचा हिस्सा आणि पडदा (श्वासपटल) जवळजवळ दिसतच नाही, ग्रेड ३ ची व्याख्याच ती आहे. त्यावर पोटाच्या भिंतीचे चार-पाच सेंमी. सिरोसिसमध्येसुद्धा लवकरच्या टप्प्यातल्या गाठींपैकी नुसत्या सोनोग्राफीने निम्म्याहून थोड्या कमीच सापडतात. एएफपी जोडली तर शंभरात त्रेसष्ट. जाड माणसात त्याहून वाईट. म्हणून रिपोर्टमध्ये ‘यकृत किती दिसलं’ हे अ, ब, क असं लिहायची पद्धत आहे. ‘क’ म्हणजे निम्म्याहून जास्त यकृत किंवा पडदा दिसलाच नाही. आपल्याकडच्या किती रिपोर्टांवर हे असतं? ‘नो फोकल लिजन सीन’ एवढंच. न दिसलेल्या यकृतात गाठ दिसली नाही, हे खरंच आहे म्हणा.

‘क’ आला तर सहा महिन्यांनी पुन्हा तीच सोनोग्राफी करून उपयोग नाही. खरोखर जोखीम असेल तर एमआरआय किंवा सीटी.

अजून एक सापळा. सिरोसिस पुढे सरकतो तशी यकृतातली चरबी कमी होत जाते. तीन वर्षांपूर्वी ग्रेड २, यंदा ग्रेड १, आणि घरात पेढे. कधी ती खरी सुधारणा असते. कधी प्लीहा ११ वरून १४ सेंमी झालेली असते, प्लेटलेट २.१ लाखांवरून १.२ वर आलेल्या असतात आणि यकृताची कड खडबडीत झालेली असते. ग्रेडकडे बघण्याआधी या तीन गोष्टी बघा.

तिसरा ठोका

@अंधारखोली, हे सगळं मान्य. पण यावरून निघतं ते ‘चांगलं साधन वापरा’, ‘शोधू नका’ नव्हे. @हिशेबनीस, सगळ्यांना रांगेत उभं करा असं मी म्हणत नाहीये. सिरोसिसच्या एक पायरी अलीकडच्यांना, म्हणजे एफ-३ वाल्यांना (वणांच्या मोजणीत एफ-४ म्हणजे सिरोसिस), आत घ्या एवढंच म्हणतोय. एफ-३ आणि एफ-४ मधली रेघ बायोप्सीतही डगमगते. सुईत यकृताचा साधारण पन्नास हजारावा भाग येतो. अमेरिकन गॅस्ट्रोएंटरॉलॉजी असोसिएशनने २०२० मध्येच एफ-३ वाल्यांचा सहामाही तपासणीसाठी विचार करावा असं म्हटलं. तिथल्याच यकृततज्ज्ञांच्या संघटनेने २०२३ मध्ये ते सरसकट मान्य केलं नाही. तेव्हा हा वाद आपण इथे बसून काढलेला नाही.

बिनसाखरेचा

मग ग्रेड १ वाल्याने काय करायचं? सोनोग्राफी करू नका म्हणता, ठीक. नुसतं बसून राहायचं?

गाळणी

@बिनसाखरेचा, बसून राहायचं नाही. फिब-४ काढा. एकदा एचबीएसएजी (हिपॅटायटिस बी ची रक्ततपासणी) करून घ्या. हिपॅटायटिस बी निघाला तर हा सगळा हिशेबच बदलतो, कारण तो सिरोसिसशिवायही कॅन्सर करतो आणि त्याचे तपासणीचे नियम वेगळे आहेत. निगेटिव्ह असेल आणि आधी घेतली नसेल तर बी ची लस. मग वजन. ८२ किलोच्या माणसाला ७ टक्के म्हणजे पावणेसहा किलो, १० टक्के म्हणजे ८ किलो. ५ टक्क्यांत चरबी उतरते, ७ ते १० मध्ये सूज, आणि १० च्या पुढे वणही मागे हटायची शक्यता वाढते. सहा महिने ते वर्ष लावा, महिन्याभरात नको. फार वेगाने उतरवलं तर पित्ताशयात खडे होतात. दारू ‘थोडी’ हा शब्द वण असलेल्यांनी विसरावा. कोलेस्टेरॉलची स्टॅटिन गोळी लिव्हरच्या भीतीने बंद करू नका, फॅटी लिव्हरमध्ये ती चालते. ‘लिव्हर टॉनिक’च्या बाटलीने यातलं एकही काम होत नाही.

@तिसरा ठोका, मधुमेहींबद्दलचा मुद्दा घेतला. मधुमेह आणि फॅटी लिव्हर दोन्ही असतील तर फिब-४ १.३ च्या आत असला तरी एकदा फायब्रोस्कॅन करून घ्यावा, इथपर्यंत येतो. पण तो नीट करा. तीन तास उपाशी, निदान दहा नोंदी, आणि नोंदींमधली तफावत मधल्या आकड्याच्या ३० टक्क्यांच्या आत. जाड माणसाला एक्सएल प्रोब (जाड पोटासाठीचा) लावला का ते विचारा. रिपोर्टवर दोन आकडे येतात : कॅप हा चरबीचा, किलोपास्कल हा कडकपणाचा. लोक कॅप ३१० बघून हादरतात आणि शेजारच्या १४ कडे ढुंकूनही बघत नाहीत.

किलोपास्कल ८ च्या आत : सोडा. १२ च्या पुढे : तज्ज्ञ, आणि दुसऱ्या एखाद्या चाचणीचा दुजोरा. सिरोसिस ठरला की सहामाही सोनोग्राफी आणि एएफपी, तारीख ठरवून, चुकवायची नाही. सहाच महिने का? ही गाठ दुप्पट व्हायला साधारण चार ते सहा महिने लागतात. २ सेंमीला सापडली तर जाळून किंवा कापून काढता येते. यकृत प्रत्यारोपण कुणाचं करता येईल हे ठरवणारी ‘मिलान’ मर्यादा एकच गाठ असेल तर ५ सेंमीपर्यंत, किंवा जास्तीत जास्त तीन आणि प्रत्येक ३ च्या आत. दोन फेऱ्या चुकवल्या की माणूस त्या मर्यादेच्या बाहेर पडू शकतो.

हिशेबनीस

मग वादाचं काय उरलं? १३ किलोपास्कल आणि मधुमेह, याचं काय करायचं?

गाळणी

त्याला सहामाहीत घेईन, सोनोग्राफीत यकृत ‘अ’ किंवा ‘ब’ दिसत असेल तर. ९ आणि मधुमेह असेल तर नाही. त्याला वर्षाने पुन्हा फायब्रोस्कॅन.

तिसरा ठोका

९ वर आपलं जमणार नाही. साठीचा पुरुष, ९, आणि सख्ख्या भावाला यकृताचा कॅन्सर, तर मी वर्षभर थांबणार नाही. एक एमआरआय आत्ता, आणि पुढचं त्यावर.

अंधारखोली

एमआरआय सांगाल तेव्हा चिठ्ठीवर ‘फॅटी लिव्हर’ एवढंच लिहू नका. किलोपास्कल, प्लेटलेट, एएफपी आणि हिपॅटायटिस बी चं उत्तर लिहा. ‘सिरोसिस आहे की नाही’ हे माहीत नसेल तर तीच उजळलेली गाठ कुठल्या नियमाने वाचायची, हे वाचणाऱ्यालाही कळत नाही.