सिग्नलला उभं राहिलं की रेस आपोआप वरखाली होते (2003 ची गाडी)

सातारा_जुनीगाडी:
नमस्कार मंडळी. गाडी बाबांची, 2003 ची, 796 सीसी तीन सिलिंडर, एमपीएफआय (म्हणजे कार्बुरेटर नाही, पेट्रोल इंजेक्टरने फवारलं जातं), 92 हजार किमी. सकाळी थंड असताना एका सेल्फमध्ये चालू होते, काही तक्रार नाही, पण इंजिन तापलं की न्यूट्रलला उभी असताना रेस आपोआप वर जाते मग धपकन पडते परत वर जाते, कुणीतरी पाय मारतंय असंच वाटतं. पोवई नाक्यावर दोनदा बंद पडली. प्लग आणि एअर फिल्टर नवीन टाकले. एका गॅरेजवाल्याने थ्रॉटल बॉडी (इंजिनात हवा सोडणारी झडप असते तो भाग) साफ करून तिथलाच एक स्क्रू पिळून रेस वाढवून दिली, आठ दिवस बरं वाटलं मग परत तेच, उलट आता वर जाते तेव्हा जास्तच वर जाते. दुसरा म्हणतो ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, गेलाय. आईला डोळे दाखवायला पुण्याला न्यावं लागतं, येताना खंबाटकीच्या चढाला ट्रॅफिकमध्ये बंद पडली तर काय करायचं याची धास्ती बसलीये. गाडी विकायची नाहीये. कुठून सुरुवात करू?

डोंबिवलीकर_77:
प्लगच्या वायरी बघितल्या का? माझ्या गाडीला पावसाळ्यात असंच व्हायचं. रात्री अंधारात बोनेट उघडून इंजिन चालू ठेवा आणि वायरींवर पाण्याचा बारीक फवारा मारा, हात मात्र लांब ठेवा. इन्शुलेशन फुटलेलं असेल तर निळ्या ठिणग्या दिसतात.

उद्यमनगर_काका:
वायरींची टेस्ट बरोबर आहे, करून घ्या, पण वायर गेली की गाडी मिसिंग करते, म्हणजे भक भक असा तुटक आवाज येतो आणि एक सिलिंडर लंगडतो. यांचं तसं नाही. यांची रेस लाटेसारखी वरखाली होतेय, आणि तेही फक्त गरम झाल्यावर. मी कोल्हापुरात तीस वर्षं हेच काम केलंय, दहातल्या सात गाड्यांत हे चोरट्या हवेचं दुखणं निघतं.

नीट सांगतो. थंड असताना ईसीयूला रेस जास्तच हवी असते, त्यामुळे कुठून जास्तीची हवा आत शिरत असली तरी खपून जाते. तापल्यावर त्याला 850-900 आरपीएमच्या (मिनिटाला इंजिनचे फेरे) आसपास यायचं असतं, तो आयडलचा व्हॉल्व्ह (पाय सोडलेला असताना लागेल तेवढी हवा देणारा) पूर्ण बंद करतो तरी फटीतून हवा येतच राहते. मग थ्रॉटल बंद आणि आरपीएम मात्र जास्त असं दिसलं की तो समजतो गाडी उतारावर आहे, आणि पेट्रोल तोडतो. आरपीएम पडले की परत पेट्रोल सोडतो. हीच तुमची लाट. त्यात त्या गॅरेजवाल्याने स्क्रू पिळून अजून हवा सोडली म्हणून आता जास्त वर जातेय. त्या स्क्रूला परत कुणाला हात लावू देऊ नका दादा.

आता करायचं काय, तर गाडी तापवा, वरखाली सुरू झालं की पक्कडीला फडकं गुंडाळून मॅनिफोल्डला (सिलिंडरकडे हवा नेणारा भाग) जाणारे रबरी पाईप एकेक करून अलगद दाबा. जो दाबल्यावर रेस स्थिर होते तो पाईप, किंवा त्याच्या पुढचं काहीतरी, फुटलंय. ब्रेक बूस्टरचा (ब्रेक हलका करणारा डबा) जाड पाईप विसरू नका. बूस्टरसाठी वेगळी खूण म्हणजे इंजिन बंद करून ब्रेक चारपाच वेळा मारा, पेडल दाबून धरा आणि गाडी चालू करा, पेडल थोडं खाली गेलं पाहिजे. काही लोक कार्ब क्लीनर फवारून फट शोधतात, तापलेल्या इंजिनवर ते करू नका, पेट घेतो.

नाशिक_रोडने:
आजकालच्या 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमुळे तर नसेल?

उद्यमनगर_काका:
जुन्या रबराला ते मानवत नाही हे खरं, पण ते पेट्रोलच्या पाईपांचं. हवेचे पाईप वीस वर्षांच्या उष्णतेनेच कडक होऊन तडकतात. पेट्रोलचे पाईपही बघाच, तिथं नखाने दाबलं आणि बारीक चिरा दिसल्या तर लगेच बदला, ते आगीचं काम आहे.

सातारा_जुनीगाडी:
काका, सापडलं!! काल संध्याकाळी तुम्ही सांगितलं तसं केलं. बूस्टरचा पाईप दाबला तर काही फरक नाही. मग पीसीव्हीचा (इंजिनातला वायू परत आत ओढणारा व्हॉल्व्ह) तो एल आकाराचा रबरी कोपरा दाबला आणि रेस एकदम खाली येऊन थांबली. काढून बघितलं तर वरून अगदी धड दिसतो पण खालच्या बाजूला, जिथे बोट जातं पण नजर जात नाही, बोटाच्या पेरएवढी चीर. वाकवली की तोंड उघडल्यासारखी फाकते. पाईप 140 रुपयांना मिळाला, दोन नवीन क्लॅम्प टाकले. तो स्क्रू मात्र अजून पिळलेलाच आहे, त्यामुळे रेस स्थिर आहे पण चढी. तो मागे किती घ्यायचा ते कसं कळणार?

उद्यमनगर_काका:
वा, छान झालं. स्क्रूचे आटे बघा, जुन्या मळाची रेघ असेल, जिथे चकचकीत आटा सुरू होतो तेवढा तो फिरवलेला आहे. तेवढाच मागे घ्या, पाव पाव वळसा. घेऊन झालं की गाडी पूर्ण तापवा, रेडिएटरचा पंखा दोनदा लागून बंद होऊ दे, मग एसी लावून बघा. एसी लावल्यावर क्षणभर दबून परत सावरली तर ठीक. दबूनच राहिली तर आयडलचा व्हॉल्व्ह काढून त्याचा काळा थर साफ करावा लागेल, तेव्हा इथेच लिहा, कसा काढायचा ते सांगतो. आईंना पुढच्या वेळी निर्धास्त न्या.