होव्हरफ्लायचे डोळे फोकसमध्ये येईनात

प्रश्न : नवी १०० एमएम मॅक्रो (अगदी जवळून फोटो काढायची) लेन्स आहे. माशी हवेत थबकते, पण मी फोकस करेपर्यंत गायब! मिळाले त्या फोटोंत पंख स्पष्ट, डोळे धूसर. एफ/२.८ वर, म्हणजे लेन्सचं छिद्र मोठं उघडून काढतोय. काय चुकतंय?

उत्तर : एफ/२.८च नडतंय. १:१ ला (सेन्सरवर माशी खऱ्या आकाराएवढी उमटते तेव्हा) तिथे अर्धा मिलिमीटरही फोकसमध्ये राहत नाही. छिद्र लहान करून एफ/११ वर निदान एक मिलिमीटर मिळतो. उजेड कमी पडेल, म्हणून डिफ्यूजर (उजेड मऊ करणारा पडदा) लावून फ्लॅश वापरा. ऑटोफोकस बंद करा, फोकस ठरवून ठेवा आणि स्वतः केसभर पुढे-मागे झुला. डोळा लख्ख दिसला की बटण दाबा. मी दोन महिने उडत्या माशीमागे धावलो. मग एका गार पहाटे एक पानावर बसलेली सापडली, डोळ्यांवर दवाचे थेंब, हलेचना. वीस फोटो काढले, अजून बघत बसतो.

दुसरं उत्तर : तिच्यावर सावली पडू देऊ नका. नर बहुधा हवेतल्या त्याच जागी परत येतो, तिथेच थांबा. नराचे डोळे सहसा माथ्यावर जुळलेले असतात, मादीचे वेगळे; फोटोत नक्की पाहा. आणि मावा (रस शोषणारे बारीक किडे) पडलेली फांदी तोडू नका, होव्हरफ्लायच्या कित्येक जातींच्या अळ्या मावाच खातात.

प्रश्नकर्ता : उद्या पहाटेच उठतो. फांदी तशीच ठेवलीय!