जोडीने बाहेर पडल्यावर जेवणाची जागा आधी ठरवावी का?

आडवाट

दोघांनीच फिरायला बाहेर पडायचे असेल, मग ते एका दिवसासाठी असो की आठवडाभरासाठी, तर निदान एक वेळचे जेवण आधी न ठरवता, जिथे गेलो आहोत तिथल्या बाजारातून एक फेरी मारून, समोर काय दिसते त्यावरून ठरवावे, असे माझे ठाम मत आहे. हल्ली घडते ते नेमके उलटे. निघण्याच्या आदल्या रात्री दोघे आपापल्या फोनवर अभिप्राय वाचत बसतात, कोणत्या खानावळीला किती तारे मिळाले याची तुलना करतात, पदार्थांची छायाचित्रे पाहतात आणि दुसऱ्या दिवशी तोच पदार्थ समोर आला की तो छायाचित्रासारखा आहे की नाही एवढेच तपासायचे उरते.

बाजार हा त्या परिसराचा सर्वांत खरा मेनू असतो. एखादी भाजी एकाच विक्रेत्याकडे नीट मांडून ठेवलेली असेल तर ती बहुधा बाहेरून आलेली असते, आणि जी दहा जणांकडे ढिगाने, मातीसकट, देठासकट पडलेली असते ती त्या हंगामाची आणि जवळपासच्या शेतातली असण्याची शक्यता बरीच जास्त असते. हे पाहून मग जेवायला बसले की काय मागवायचे हे कोणी सांगावे लागत नाही. ज्या खानावळीत पाच-सहाच पदार्थ असतात आणि तेही त्या दिवशी फळ्यावर खडूने लिहिलेले असतात, तिथे सकाळची खरेदी आणि दुपारचे ताट यांचा थेट संबंध असतो. शंभर पदार्थांच्या जाडजूड मेनूला तो टिकवणे फार अवघड जाते.

पण मी हे जोडीच्या संदर्भात मांडतो आहे, कारण ही फेरी दोघांनी मिळून मारायची असते. एकाचे लक्ष मसाल्यांच्या पोत्यांकडे जाते, दुसऱ्याचे कोपऱ्यातल्या चुलीवर काय शिजते आहे याकडे. आर्थर ॲरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2000 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, काहीतरी नवे आणि उत्साह वाढवणारे काम मिळून केलेल्या जोडप्यांनी, नेहमीचे कंटाळवाणे काम केलेल्यांच्या तुलनेत, आपल्या नात्याविषयी अधिक समाधान नोंदवले होते. अनोळखी बाजारात दोघांनी मिळून जेवण शोधणे हे मला त्याच जातीचे काम वाटते.

काटेकोर

आपले लेखन वाचायला सुखद आहे, परंतु ते निरोगी पोटाच्या आणि कशाचीही ॲलर्जी नसलेल्या माणसाने लिहिले आहे, हे पहिल्याच परिच्छेदात कळते.

माझ्या पत्नीला शेंगदाण्याची तीव्र ॲलर्जी आहे. पदार्थात शेंगदाणे नाहीत एवढे कळून आमचे भागत नाही. तळणीचे तेल तेच आहे का, डाव एका पातेल्यातून दुसऱ्यात जातो का, वाटण एकाच यंत्रात होते का, हे सर्व विचारावे लागते, आणि ऐन गर्दीच्या वेळी, भाषा नीट न येणाऱ्या ठिकाणी, चुलीपाशी उभ्या असलेल्या माणसाकडून या प्रश्नांची विश्वासार्ह उत्तरे मिळत नाहीत. युरोपीय संघात 14 ॲलर्जीकारक घटकांची माहिती खानावळींनीही ग्राहकाला देणे डिसेंबर 2014 पासून बंधनकारक आहे, तरीसुद्धा आम्ही आधी पत्र पाठवून विचारणा करतो, कारण नियम कागदावर असणे आणि तो स्वयंपाकघरात पाळला जाणे यांत अंतर असते. आमच्यासाठी आधी ठरवणे हीच मोकळीक आहे. जागा ठरलेली असली म्हणजे ती निर्धास्तपणे जेवते, आणि ती निर्धास्त असली की मलाही चव लागते.

दुसरा मुद्दा आरोग्याचा नाही, स्वभावाचा आहे. ‘आधी ठरवायचे नाही’ असे ठरवलेल्या जोडप्यांचे पुढे काय होते, हे आपण कधीतरी दुपारी अडीच वाजता कोणत्याही अनोळखी रस्त्यावर उभे राहून पाहावे. दोघांनाही भूक लागलेली असते, एकाला समोरची जागा पसंत नसते, दुसऱ्याला आणखी चालायचे नसते, आणि ‘तू म्हणशील तिथे जाऊ’ हे वाक्य चौथ्यांदा उच्चारले जाते तेव्हा त्याचा सूर पहिल्यासारखा राहिलेला नसतो.

निवांत

मी ‘काटेकोर’ यांच्या बाजूने आहे, पण माझे कारण वेगळे आहे. घरात लहान मुले आणि वृद्ध आईवडील असणाऱ्यांना एकमेकांसमोर सलग दोन तास बसून, कोणी मध्ये न बोलावता, जेवायला मिळणे ही वर्षातून क्वचित घडणारी गोष्ट असते. ते दोन तास मी आरोळ्या, धक्काबुक्की आणि उभ्याने खाण्यात घालवणार नाही. मला शांत कोपऱ्यातले टेबल हवे, खुर्चीला पाठ हवी, आणि समोरच्या माणसाचे बोलणे पुन्हा विचारावे न लागता ऐकू यायला हवे.

ताऱ्यांविषयीची नाराजीही मला पटत नाही. मिशलॅं मार्गदर्शिका 1900 साली एका टायर कंपनीने काढली ती मोटारवाल्यांनी अधिक प्रवास करावा म्हणूनच. 1926 पासून ती उत्तम खानावळींना तारा देऊ लागली, आणि पुढे दोन ताऱ्यांचा अर्थ वाट वाकडी करून जावे अशी जागा, तर तीन ताऱ्यांचा अर्थ केवळ त्या जेवणासाठी प्रवास करावा अशी जागा, असा सांगितला गेला. म्हणजे आधी माहिती काढून, ठरवून जेवायला जाणे हे प्रवासाच्या आनंदाविरुद्ध नाही; जवळपास शंभर वर्षे लोक त्यासाठीच प्रवास करत आले आहेत.

ॲरन यांच्या प्रयोगाबद्दल एक खुलासा आवश्यक आहे. त्यातल्या एका प्रयोगात जोडप्यांना मनगटाला आणि पायाला एकमेकांशी बांधून, गाद्यांवरून रांगत, उशी पलीकडे न्यायचा सात मिनिटांचा खेळ दिला होता. त्यावरून बाजारातल्या जेवणाविषयी निष्कर्ष काढणे ही फार लांबची उडी झाली.

दोन ताटे

जागा कोणती यावर एवढी चर्चा होते आहे, पण दोघांनी मागवायचे कसे यावर कोणी बोलत नाही, आणि माझ्या मते खरा फरक तिथेच पडतो. बार्बरा रोल्स आणि सहकाऱ्यांनी 1981 साली दाखवून दिले, की एखादा पदार्थ खात गेल्यावर त्याच पदार्थाची गोडी झपाट्याने उतरते, न खाल्लेल्या पदार्थांची मात्र जवळपास तशीच राहते. एकटा माणूस या नियमापुढे हतबल असतो, कारण त्याच्या पोटात एकच ताट मावते. दोघे असले की दोन वेगवेगळी ताटे मागवून ती मध्ये ठेवता येतात. अर्धे संपल्यावर अदलाबदल केली की चौथा घास पुन्हा पहिल्या घासासारखा लागतो. बाजारात हे आणखी सोपे, कारण तिथे वाट्या आणि पुडे लहान असतात, एक नाही आवडला तरी पुढे तीन असतात. शांत टेबलावर दोघांनी एकच ठरलेले, एकामागोमाग एक पदार्थ येणारे जेवण घेतले तर ही सोय हातची जाते.

एकत्र चाखण्याला स्वतःचे मोलही आहे. येल विद्यापीठात एरिका बूथबी आणि सहकाऱ्यांनी केलेल्या, 2014 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, शेजारची व्यक्ती त्याच वेळी तेच चॉकलेट खात असेल तर ते लोकांना अधिक आवडले, जरी दोघांत एक शब्दही बोलला गेला नव्हता.

काटेकोर

त्याच संशोधनाचा दुसरा भागही सांगायला हवा होता. पुढच्या प्रयोगात मुद्दाम कडू चॉकलेट दिले गेले, तेव्हा सोबतीने खाताना ते, शेजारची व्यक्ती दुसरेच काही करत असतानाच्या तुलनेत, अधिक नकोसे वाटले. सोबत अनुभवाची तीव्रता वाढवते. तो अनुभव चांगला की वाईट हे ती ठरवत नाही. म्हणूनच वाईट जेवणाची शक्यता कमी करण्यासाठी आधी केलेला अभ्यास एकट्या प्रवाशापेक्षा जोडप्याला अधिक उपयोगी पडतो, असेच मी त्यातून घेईन.

अदलाबदलीची कल्पना मात्र मला मनापासून आवडली, आमच्या घरी ती शक्य तिथे होतेच.

तराजू

या चर्चेत बाजार हा जणू जोडप्यांच्या आनंदासाठी उभारलेला देखावा आहे, असा सूर दोन्ही बाजूंनी लागला आहे, म्हणून लिहिते. माझ्या आईवडिलांनी आयुष्यभर भाजी विकली. पहाटे माल उतरवून घेणे, जुड्या बांधणे, पालेभाजीवर पाणी शिंपडत राहणे, आणि ऊन चढण्याआधी माल संपवणे, हे सगळे मोजक्या तासांचे गणित असते. त्या तासांत हातात हात घालून सावकाश चालणारे, वाट अडवून छायाचित्रे काढणारे, टोमॅटो अंगठ्याने दाबून परत ठेवणारे आणि शेवटी काहीही न घेता जाणारे पाहुणे आम्ही रोज पाहिले आहेत. दाबलेल्या टोमॅटोवर त्या वेळी काही दिसत नाही. दुपारपर्यंत तिथे मऊ डाग पडतो, आणि तो टोमॅटो मग आमच्याच घरी शिजतो.

बाजारात जाऊ नये असे मी म्हणत नाही. जाणार असाल तर ग्राहक म्हणून जा. दोन फळे घ्या, सुटे पैसे जवळ ठेवा, छायाचित्र काढण्यापूर्वी माणसाला विचारा, आणि पहाटेची घाऊक खरेदी-विक्री चालू असताना मधल्या वाटेत उभे राहू नका. घाऊक गर्दी ओसरल्यावर विक्रेत्याला बोलायलाही वेळ असतो. कोणती खानावळ त्याच्याकडून रोज माल नेते, हे तो मग आनंदाने सांगतो. ते उत्तर कोणत्याही ताऱ्यांपेक्षा भरवशाचे असते, कारण शिळा, उरलेला माल कोण उचलते हेही त्याला ठाऊक असते.

आडवाट

‘तराजू’ यांचा शेवटचा मुद्दा माझ्या मूळ म्हणण्याला मिळालेला सर्वांत भक्कम आधार आहे, आणि त्यांच्या अटी मी जशाच्या तशा मान्य करतो.

‘काटेकोर’ यांच्या ॲलर्जीविषयीच्या म्हणण्याला माझा विरोध असूच शकत नाही. जिथे जिवाला धोका आहे तिथे कुतूहलाने मागे व्हावे. परंतु स्थानिक खाणे म्हणजे पोट बिघडणे, अशी जी समजूत त्या युक्तिवादाच्या आडून सर्वांना लागू केली जाते ती चुकीची आहे. अन्न घातक होते ते बहुतेकदा ते किती वेळ आणि किती तापमानाला पडून राहिले यामुळे. साधारण 5 ते 60 अंश सेल्सियस या पट्ट्यात जंतू वेगाने वाढतात, म्हणून शिजवलेले अन्न खोलीच्या तापमानाला दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आता विचार करा, की भर दुपारी, रांग लागलेल्या ठिकाणी, समोरच्या आचेवरून थेट ताटात पडलेला वाफाळता पदार्थ अधिक सुरक्षित, की प्रशस्त भोजनगृहात मंद दिव्याखाली तासन्‌तास मांडून ठेवलेल्या पंचवीस पदार्थांचा बुफे? कापलेली फळे आणि कच्च्या चटण्या मीही टाळतो, आणि बर्फ तर नेहमीच, कारण गोठवल्याने जंतू मरतातच असे नाही आणि बर्फाचे पाणी कुठले हे ग्राहकाला दिसत नाही. स्वतः सोललेले फळ, डोळ्यांसमोर उकळलेले पेय, कच्चे आणि शिजलेले वेगळे ठेवणारा हात, एवढे पाहायला अभिप्राय वाचावे लागत नाहीत.

अडीच वाजताच्या भांडणाचे कारण उशीर हे आहे. भूक लागण्यापूर्वी, सकाळीच, पोटात थोडे काही असताना बाजाराची फेरी मारली, आणि दोघांपैकी एकाने तीन जागा निवडून दुसऱ्याने त्यांतली एक पक्की करायची असे ठेवले, तर ‘तू म्हणशील तिथे’ म्हणायची वेळच येत नाही. निवडणारा आणि पक्की करणारा यांची रोज अदलाबदल व्हावी. नाहीतर सगळा अभ्यास एकाच्या माथी पडतो आणि दुसरा फक्त परीक्षक होतो. आधी आरक्षण करणाऱ्या घरांत हेच जास्त घडते असे माझे निरीक्षण आहे.

निवांत

सकाळची फेरी आणि ‘तराजू’ यांनी सांगितलेला प्रश्न, हे दोन्ही मी पुढच्या वेळी नक्की करून पाहीन, कारण त्यात माझे काहीच जात नाही. दुपारचे जेवण तुमच्या पद्धतीने झाले तरी माझी तक्रार नाही. रात्रीचे टेबल मात्र मी आधी राखून ठेवणारच, आणि यात मी तुमच्याशी सहमत होईन असे वाटत नाही. दिवसभर चालून दमलेल्या जोडीदाराला, अंधार पडल्यावर, पुन्हा एकदा ‘आता कुठे?’ हा प्रश्न सोडवायला लावणे मला योग्य वाटत नाही. एका माणसाने आठवडाभर आधी फोन करून, खिडकीजवळची, त्याला आवडेल अशी जागा मागून ठेवलेली असते, यातही दुसऱ्याचा विचार असतोच, आणि तो बाजारातल्या फेरीपेक्षा कमी आहे हे मला मान्य नाही.

आडवाट

कमी आहे असे मी म्हटलेले नाही. माझा आग्रह दिवसातल्या एका जेवणापुरता आहे, आणि तो मी सोडत नाही. फक्त खिडकीजवळची जागा राखताना त्यांना एवढे विचारून घ्या, की आज बाजारातून काय आले आहे ते जेवायला बसल्यावर सांगाल का. ज्या स्वयंपाकघराला याचे उत्तर देता येते, तिथे रात्रीही माझी बसायची तयारी आहे.